टाळूचं ठिगळ

पन्नास वर्षं मी शिवणकाम केलं आणि प्रत्येक दोरा समोरच्या दातांनीच तोडला. त्यातला वरचा एक दात शेवटी गेला. तिथलं हाड झिजलं, हिरडी आत बसली. काढघालीचा दात बोलताना निसटायचा, म्हणून हसताना तोंडावर हात जायचा. मला पक्का दात हवा होता.

"आधी हाडाची भर घालावी लागेल," दातांची डॉक्टरीण म्हणाली. "तुमच्याच अक्कलदाढेमागचं थोडं हाड घेऊ. वर तोंडातल्या टाळूची कातडी जोडू."

"म्हणजे ठिगळच की!"

"ठिगळच. पण आजी, पुढच्या दातांनी काही तोडायचं नाही. हे ठिगळ निघालं, तर दुसऱ्यांदा जमेल याची खात्री नाही."

हाड आणि ठिगळ बसवून झालं, तशी सूनबाईने आठवडाभर रजा काढली. गार पेज चमच्याने भरवताना म्हणाली, "सासूबाई गप्प बसल्यात. रजा सार्थकी लागली!"

सहाव्या दिवशी मी तिच्या झग्याला बटण लावत होते. गाठ मारली आणि हात आपोआप तोंडाकडे गेला. दोरा तुटला, पण हिरडीतून कळ गेली. तोंडात रक्ताची चव आली. मी रुमाल लपवायला गेले, तेवढ्यात ती दारात.

"अगं, रागाव तरी!"

"ते सवडीने. आधी चप्पल घाला."

ठिगळाचं एक टोक सुटलं होतं. डॉक्टरणीने दोन टाके नव्याने घातले, पण हाड टिकेल का, हे पाच महिन्यांनीच कळणार होतं. ते पाच महिने सूनबाईने माझी कात्री दोरीने माझ्या गळ्यातच अडकवली. शेजारणी हसल्या. हसू देत.

पाच महिन्यांनी पुन्हा त्या खुर्चीत बसले. ओठ बधिर, डोळे मिटलेले. डॉक्टरीण इम्प्लांटचा स्क्रू हळूहळू फिरवत होती. एकदा थांबली, तेव्हा माझा जीव टांगणीला लागला.

"घट्ट बसला, आजी! हाडाने छान धरलंय."

इतक्या वर्षांत किती जणींनी शिवलेला कपडा अंगावर घालून माझे आभार मानले असतील. मी मात्र "बरं, बरं" म्हणून पुढचं कापड ओढायची. त्या दिवशी मला आभार मानायचे होते आणि तोंडात कापूस होता. मी डॉक्टरणीचा हात दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"आजी, हात सोडा ना," ती हसत म्हणाली, "अजून टाके घालायचेत."