सत्तावीस अंशांचा प्रबंध

"स्नेहल, हा आलेख गाळ," माझे मार्गदर्शक उपेंद्र सर म्हणाले. भाजीतला कढीपत्ता बाजूला काढावा इतक्या सहज.

सहा वर्षं मी नॅनो आकाराचं, अगदी कमी वीज खाणारं सर्किट रचत होते. द्राक्षबागेतला ओलावा मोजून ते मोबाइलच्या टॉवरला कळवणार, आणि एका छोट्या बॅटरीवर दहा वर्षं चालणार, असा माझ्या प्रबंधाचा दावा. गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलेजात हे सगळं संगणकावरच चालतं. तिथे तापमानाच्या चौकटीत सत्तावीस अंश आधीच भरलेले असतात. ते कोणी बदलत नाही. मीही बदलले नव्हते, आणि सगळ्यात जास्त राग मला त्याचाच येतो.

मे महिन्यात निफाडला धनराजभाऊंच्या द्राक्षबागेत, सर्किट ज्यात बसणार तो डबा नुसता तापमापक ठेवून खांबावर लावून पाहिला. दुपारी भाऊ म्हणाले, "मॅडम, हात लावून बघा. लय तापलाय. तुमचं ते आत टिकंल का?" आत अडुसष्ट अंश होते.

परत येऊन चौकटीत अडुसष्ट भरले. इतक्या उष्णतेत सर्किट बंद असतानाही वीज झिरपत राहते. दहा वर्षांचे चौदा महिने झाले. त्याचाच आलेख मी प्रबंधात घातला.

"प्रबंध सर्किटवर आहे, उन्हावर नाही," सर म्हणाले. "माझ्या नऊ विद्यार्थ्यांनी सत्तावीसवरच पदव्या घेतल्या. डोक्यात राख घालून घेऊ नकोस."

"सर, शेतकऱ्याने दरवर्षी बॅटरी बदलत बसायचं?"

"आधी तो विकत तर घेऊ दे." सर हसले. "आलेख राहिला, तर मी सही करणार नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नऊ जण नाशिकचे उन्हाळे काढून एसीत बसले, आणि एकालाही ऊन आठवलं नाही. दहावी मी होणार होते.

तशीच ऑफिसच्या खिडकीशी गेले आणि मार्गदर्शक बदलण्याचा अर्ज मागितला. तिथल्या सुमेधाताई समजुतीने म्हणाल्या, "कारणात 'वैयक्तिक' लिही. सगळे तेच लिहितात. नाहीतर दुसरे कुठलेच सर तुला घेणार नाहीत."

मी लिहिलं, 'सर खरा आकडा गाळायला सांगतात.'

ताईंनी ते दोनदा वाचलं. "पदवी जाईल गं हातची."

मला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचाही संताप येत होता.

"शिक्का मारून पोच द्या," मी म्हणाले, आणि खिडकीपासून हलले नाही.