पहिली बरी की दुसरी?

गाडीतलं सगळं माझ्या बायकोला कळतं आणि गाडीत बसून घाबरायचं कसं, ते मला. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. मी तिचाच विद्यार्थी. लायसन्स काही पदरात पडलं नाही, लग्न मात्र जमलं. तेव्हापासून मी तिला मॅडमच म्हणतो. माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलायच्या आणि विचारायचं, "पहिली बरी की दुसरी?" हा माझा धंदा.

निवृत्त झाल्यावर तिने जाहीर केलं, "आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेजारी बसले. आता माझी गाडी. आणि जोरदार गाडी!"

मी म्हटलं, घे की. जोरदार म्हणजे एसी जोरदार, अशी माझी समजूत.

शोरूममध्ये दोन गाड्यांवर तिची नजर खिळली. एक लाल, बुटकी, दोनच सीटची स्पोर्ट्स कार. इंजिनाचा सगळा जोर मागच्या चाकांवर. दुसरी राखाडी टर्बो. जोर चारही चाकांवर, शिवाय डिकीत अर्धं घर मावेल.

"टर्बो ओल्या रस्त्यावरही जराही घसरत नाही," सेल्समन म्हणाला. "लाल जरा लहरी आहे. चुकलात की शेपूट फिरवते."

मी मनातल्या मनात राखाडी गाडी पक्की करून टाकली.

त्याने टर्बोची दारं उघडली. मी मागे बसलो. मॅडम सरळ शेजारच्या सीटवर बसली, पट्टा लावला आणि त्याला म्हणाली, "आरसे बघून घ्या. घाई करू नका." बिचारा मुकाट्याने स्टीअरिंगमागे बसून आरसे बघायला लागला! माझी हसून हसून पुरेवाट झाली. तीही हसली, उतरून जागा बदलली, पण पट्टा लावताना हळूच म्हणाली, "बघा ना, पाय आपोआप तिकडेच वळले."

शोरूमच्या मागे ट्रायलसाठी गोल रस्ता होता, एका वळणावर मुद्दाम पाणी सोडलेलं. टर्बोने ते वळण असं घेतलं की माझं पोटसुद्धा जागच्या जागी राहिलं. वेग म्हणाल तर विचारू नका.

"चांगली आहे," मॅडम म्हणाली. "सगळं तीच करते."

लाल गाडीत तिसऱ्याला जागा नव्हती, म्हणून मी कठड्याशी उभा राहिलो. ओल्या वळणावर शेपूट सुटलं, गाडी गर्रकन फिरली आणि आल्या दिशेला तोंड करून थांबली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. "मॅडम!" मी ओरडलो. खिडकीतून हसण्याचा आवाज आला, आणि तो सेल्समनचा नक्कीच नव्हता. ती पुन्हा गेली, पुन्हा फिरली. तिसऱ्या खेपेला मात्र शेपूट सुटलं आणि तिने ते अलगद सावरून गाडी सरळ बाहेर काढली.

सेल्समन पांढराफटक पडून उतरला. मॅडमचे केस विस्कटलेले, गाल लाल. "अहो, चुकलं की लगेच सांगते ही! आणि सावरायचं आपणच!" इतकं खूश मी तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

मग तिचं लक्ष माझ्या चेहऱ्याकडे गेलं.

"टर्बोच बरी," ती लगेच म्हणाली. "तुम्हाला बसायला सोपी. सामानही मावेल."

सेल्समन कागद आणायला वळला. मला राग आला, माझाच. माझ्या दुकानात अशी गिऱ्हाइकं येतात. समोरचं अक्षर वाचायचं सोडून माझा चेहरा वाचतात आणि मला आवडेल ते उत्तर देतात. ते उत्तर नेहमी फार पटकन येतं. त्यावर चष्मा बनवला तर माणूस महिनाभरात परत येतो. म्हणून मी पुन्हा काच लावतो आणि तोंड फिरवून विचारतो.

मी तिच्याकडे पाठ केली. समोर टायरची जाहिरात होती, ती बघत उभा राहिलो.

"नीट सांग, मॅडम. पहिली बरी की दुसरी?"

जाहिरातीतली सगळी अक्षरं माझी दोनदा वाचून झाली. आमचं भांडण जुंपलं असं वाटून सेल्समन लांबच थांबला.

"लाल," मागून आवाज आला. "पण तुम्ही घाबरता."

"घाबरणारच! ते काम माझ्याकडे सोड."

गाडी घरी आली त्या सकाळी मॅडम स्टीअरिंगवर हात ठेवून बसली होती. मी शेजारचं दार उघडलं, तशी तिने सवयीने पर्स उचलून मला जागा करून दिली. आणि माझ्या मनात आलं, हिच्याशेजारी कुणी नाही असा हिचा एक तरी प्रवास झालाय का? कधी शिकणारे, कधी मी.

मी दार लावून टाकलं.

"मी नाही येत. दुकान उघडायचंय."

"आज दुकान बंद असतं तुमचं."

"जा म्हटलं ना!"

तिने रिकाम्या सीटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डोळे भरून आले तिचे. तिने गाडी सुरू केली.

ती कोपऱ्यावर दिसेनाशी झाली तरी मी फुटपाथवर उभाच. घाबरायचं माझं काम चालूच होतं, आणि तरीही इतकं बरं वाटत होतं की शेजाऱ्यांना उगीचच हात केला.

ती परतली तेव्हा दुपार कलली होती.

"कुठे गेली होतीस?"

"कुठेच नाही," ती म्हणाली. "उद्या परत जाणार आहे."