एक अंश जास्त

"आधी फरक किती ते सांग. चहा मागनं," गुरुसिद्धप्पा सर म्हणाले.

धाराशिवहून कळंबला येताना एसटीत मी वाक्यं जुळवत आले होते, आणि दारातच कसंबसं एवढंच बोलले, की तुमचे आकडे जुळत नाहीत. ज्यांनी मला रसायनशास्त्र शिकवलं, त्यांच्याच पीएच.डी.तले आकडे चुकलेत, हे सांगायला मी आले होते. सरांनी तरुणपणी सहा नवी संयुगं तयार केली आणि प्रत्येक किती तापमानाला वितळतं ते मोजलं. सरांच्या नावावर जगात काय, तर तेवढे सहा आकडे. आमच्या कॉलेजात नवं यंत्र आलं आणि मी हौसेनं तीच संयुगं पुन्हा करून मोजली. कुठून दुर्बुद्धी सुचली!

"एक अंश, सर. तुमचे आकडे जास्त आहेत."

"सहाच्या सहा?"

"हो."

"मग हात न्हाय चुकला माझा. हात चुकला असता तर कधी जास्त, कधी कमी आलं असतं. शून्यच चुकलंय."

मला एकदम आमची जुनी प्रयोगशाळा आठवली. मे महिना, ज्योत हलू नये म्हणून पंखा बंद, आणि डोक्यावर ओला टॉवेल टाकून बसलेले सर. मग दार लोटून शांताक्का, सरांच्या पत्नी, आत यायच्या. बर्फ घरीच कुटून डब्यात भरलेला, डब्याला पोतं गुंडाळलेलं. सरांच्या पीएच.डी.पासूनचा हा शिरस्ता. त्या बर्फात थर्मामीटर बुडवायचा. तिथं शून्य दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर तो फरक पुढच्या प्रत्येक आकड्यात धरायचा. किती चांगले दिवस होते ते! घामानं निथळायचो, पण घरी जावंसं वाटायचं नाही.

"माझा थर्मामीटर बर्फात एक अंश खाली उतरायचा," सर म्हणाले. "मला वाटलं, तोच कमी दाखवतोय. म्हणून म्या सगळीकडं एक मिळवला. पण वितळता बर्फ शून्याच्या खाली जाईल कसा?"

शांताक्कांची धाकटी बहीण नागम्मा आता सरांचं घर सांभाळते. ती चहा घेऊन आली होती.

"खाली म्हंजी जास्त गार का, दाजी?"

"व्हय."

"मग जाणारच की! अक्का डब्यात मूठभर मीठ टाकायची. आईस्क्रीमच्या भांड्याला टाकत्यात तसं. कॉलेजपतूर उन्हात गारवा टिकावा म्हणून. त्यांची मेहनत वाया जाऊ ने, म्हणायची."

मी मान खाली घातली. वाटलं, ही बाई आत्ताच का बोलली?

सरांनी बशी खाली ठेवली आणि ते हसायला लागले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

"म्या गमतीनं इचारायचो, अगं, तुझा बर्फ एवढा गार कसा? तर नुसती हसायची. लई हसायची."

शांताक्कांना जाऊन चार वर्षं झाली होती. मला राहवलं नाही.

"सर, मी नाही छापत हे. एका अंशानं कुणाचं काय अडलंय?"

"खुळी हायस का?" सर एवढ्या जोरात ओरडले की नागम्मा दचकली. "चुकीचा आकडा माझ्या नावानं ठेवतीस व्हय? हेच शिकवलं का तुला? छाप. माझं नाव घालून छाप."

"आणि कारण काय देऊ?"

सरांनी धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला.

"बर्फ शुद्ध नव्हता, असं लिही. अन म्या तो तपासला न्हाय, हे बी लिही." मग आवाज उतरला. "मिठाचं नको लिहू, शिवप्रिया. तेवढं आमच्या घरात राहू दे."