त्रेसष्ट नंबरची खुर्ची आणि गिरजाबाईंच्या चपला

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. मला पाय नाहीत. खुर्चीला पाय नसणं ही लाजेची गोष्ट असेल, तर ती लाज मी बावीस वर्षं हवेत लटकून काढली आहे.

माझा जन्म एकोणीसशे बासष्ट साली एका लोखंडाच्या कारखान्यात झाला. दोघांपुरती लाकडी फळ्यांची बैठक, वर लोखंडी हात आणि त्या हातावर पांढऱ्या रंगात माझं नाव : ६३. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या उत्तर भागात स्कीच्या एका डोंगरावर माझी नेमणूक झाली. असल्या डोंगराला टेकडी म्हणतात, हे मला पुढे नागपूरच्या लोकांकडून कळलं; तोवर आम्ही सगळे स्वतःला बरेच उंच समजत होतो. वर जाड पोलादी दोर फिरे. त्याला टांगलेल्या आम्ही शंभर जणी माणसं घेऊन वर जात असू आणि रिकाम्या खाली येत असू. बदली नाही, बढती नाही.

हिवाळ्यात पायांना लांब पट्ट्या बांधलेली माणसं माझ्यावर धपकन बसत आणि माथा आला की बर्फावरून घसरत नाहीशी होत. उन्हाळ्यात बर्फाच्या जागी गवत येई, रानफुलं येत. मालकांनी उतारावर सिमेंटची नागमोडी घसरगुंडी बांधली होती. लोक माझ्यावर बसून वर जात आणि इवल्याशा गाडीतून घसरत खाली येत. सगळं बोलणं घसरगुंडीचं. पोचायला म्हणून सगळे बसले. बसायला म्हणून कुणी बसलंच नाही.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात बातमी आली, की हिवाळ्याआधी चौघांच्या नव्या खुर्च्या येणार आणि आम्ही भंगारात जाणार. भंगाराचं मला फार वाटलं नाही. लोखंड होते, लोखंडात जाणार. पण त्याआधी एकदा तरी कुणीतरी नुसतं माझ्यावर बसावं, एवढी एक इच्छा उरली होती.

ऑगस्टमधल्या एका सकाळी माथ्यावर ढग उतरला होता. वर जाणाऱ्या खुर्च्या त्यात विरघळत आणि येणाऱ्या त्यातून उगवत. त्या वेळी खाली चौघं जण आले. ॲन आर्बर शहरातले इंजिनियर धर्मराज, त्यांची बायको सुजाता, आठ वर्षांची दीपा आणि नागपूरहून आलेली धर्मराजांची आई, गिरजाबाई. चार महिन्यांत म्हातारीने अमेरिकेकडे काही मागितलं नव्हतं. आम्हा खुर्च्यांकडे मात्र ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने सुनेला विचारलं, एवढे झोपाळे कोणाचे? आणि आपल्याला बसायचं आहे, असं सांगितलं.

धर्मराजांनी तिला गुडघ्यांची आठवण करून दिली, वाऱ्याची करून दिली, उंचीची करून दिली. सुजाताने त्यांचं ऐकून घेतलं आणि सासूच्या पदराला सेफ्टी पिन लावली. वाद मिटला.

मी वळून खाली आले. गिरजाबाई आणि धर्मराज माझ्यावर बसले, मागच्या चौसष्टवर सुजाता आणि दीपा. मित्रांनो, माझ्या फळ्यांवर आजवर हजारो माणसं बसली, पण इतकं सावकाश कुणी टेकलं नव्हतं. बसल्यावर गिरजाबाईंनी हलकेच पाय हलवून पाहिले.

आम्ही ढगाजवळ पोचलो आणि दोर थांबला.

झालं होतं असं. खाली लिफ्ट सांभाळणाऱ्या वेंडेल नावाच्या म्हाताऱ्याला चढायच्या जागी दोन चपला दिसल्या. शेजारी शेजारी, नीट लावलेल्या. चपला आहेत आणि माणूस नाही, म्हणजे माणूस पडलं, असा हिशेब करून त्याने लिफ्ट बंद केली आणि चढायच्या फळीखाली माणूस शोधायला लागला.

वर धर्मराजांनी आईच्या पायांकडे पाहिलं. अनवाणी पाय ढगात लोंबत होते. त्यांचा चेहरा उतरला. गावच्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरावरून जाताना धर्मराजांच्या आजोबांना चपला हातात घ्याव्या लागत. म्हणून विमानतळावरच त्यांनी आईला बजावलं होतं, की या देशात कुणापुढे चपला काढायच्या नाहीत.

“आई, कशाला काढल्या? कोणी सांगितलं तुला?”

“कोण सांगते? झोपाळ्यावर चपला घालून बसते का कोणी?”

वारा आला. आम्ही थांबलेल्या होतो, म्हणून मला पहिल्यांदाच नीट झुलता आलं. मागे, पुढे. खाली गवत, वर धुकं, मध्ये आम्ही, ना इथे ना तिथे. गिरजाबाईंनी डोळे मिटले आणि त्या सांगायला लागल्या. त्यांची आई मालगुजाराच्या अंगणात धान्य पाखडायची. ओसरीवर मोठा झोपाळा होता, पितळी कड्यांचा. लहानगी गिरजा अंगणातूनच बघायची.

“घरचे उठले की त्याच्यावर मांजर बसे,” त्या म्हणाल्या. “मांजर बसलं तर चाले. मी नाही.”

धर्मराज पुन्हा आईच्या पायांकडे बघू लागले.

“तवा बाबा चपला काढायचे त्या मालगुजारासाठी. आज मी माझ्यासाठी काढल्या, धर्मा. पायाले वारा किती छान लागते पाह्य.”

थोड्या वेळाने धर्मराजांनी वाकून आपल्या बुटांच्या नाड्या सोडल्या. बूट मांडीवर घेतले आणि मोजे त्यात कोंबले.

इकडे वेंडेलला चपलांभोवती शोधताना पाहून मागच्या चौसष्टवरून दीपाने खालच्या खुर्चीतल्या अनोळखी बाईला ओरडून सांगितलं, “शी टुक देम ऑफ!”, चपला आजीनेच काढल्यात. त्या बाईने तिच्या खालच्यांना सांगितलं. असा तो निरोप खुर्ची-खुर्चीने उतरत वेंडेलपर्यंत गेला. त्याने लिफ्ट सुरू केली आणि चपला एका रिकाम्या खुर्चीवर नीट ठेवून, पुढची दांडी लावून वर पाठवून दिल्या. आम्ही माथ्यावर पोचल्यावर काही मिनिटांनी ढगातून त्या आल्या. दोघीच, शेजारी शेजारी, अंतर राखून. घसरगुंडीच्या रांगेतल्या लोकांनी त्यांना टाळ्या वाजवल्या.

गिरजाबाई घसरगुंडीवर बसल्याच नाहीत. त्या दिवशी त्या माझ्यावर पाच वेळा वर गेल्या आणि पाच वेळा माझ्यावरच बसून खाली आल्या.

ऑक्टोबरात आम्हाला उतरवून गवतात रचलं. भंगारवाल्याच्या आधी, कुणाकडून तरी मागून आणलेल्या एका पिकअपमधून धर्मराज आले आणि ढिगात आकडे शोधू लागले. मी सगळ्यात खाली होते. ॲन आर्बरला त्यांच्या परसात जाड लाकडी चौकट उभी राहिली आणि दोन साखळ्यांनी मला तिला टांगलं. नागपूरला परतण्याआधी गिरजाबाईंना माझ्यावर अकरा दिवस मिळाले. रोज दुपारी चपला खाली गवतात, पाय वाऱ्यात. सुजाता प्रयोगशाळेतल्या कामावरून आली की पर्स न ठेवताच शेजारी बसे.

नंतर बर्फ आला. महिनाभर माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. साखळ्या गंजू लागल्या आणि एक फळी फुगली. उन्हाळ्यात वापरायच्या वस्तूंचा हिवाळा असाच जातो, मित्रांनो. त्यांचं तुम्ही एवढं एक लक्षात ठेवा.

एका रविवारी मात्र धर्मराज तेलाचा डबा घेऊन आले, मागे दीपा. नागपूरहून पत्र आलं होतं. साखळ्यांना तेल पाजून झाल्यावर त्यांनी ते माझ्यावर बसून दीपाला वाचून दाखवलं. निम्मं पत्र माझ्याबद्दलच होतं. फळ्या पुसत जा, साखळ्यांना तेल द्या, पावसात झाकून ठेवा. शेवटी एक ओळ होती :

“आणि शेजारचं मांजर येऊन बसलं, तर त्याले हाकलू नका. त्याचा काय दोष.”