मागची सीट

सूनबाई मागच्या सीटवर बसली, डोळे मिटले आणि सगळं अंग सैल सोडून एका बाजूला कलंडली. दुकानातल्या विक्रेत्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो धावत आला, तेव्हा तिने एक डोळा उघडला आणि शांतपणे सांगितलं, "धरू नका. मी पडते का ते बघतेय."

ती पडायलाच आली होती. शेवटच्या क्षणी जमिनीला पाय टेकवला, "ही नको," म्हणाली आणि पुढच्या गाडीकडे वळली.

तिचे सासरे दाराशी उभे होते. त्यांनी हळूच रस्त्याकडे तोंड फिरवलं. ही बाई आपल्याबरोबर आलेली नाही, असं दाखवायचा तेवढाच मार्ग त्यांना सुचला. सगळी गल्ली त्यांना ड्रायव्हरकाका म्हणायची. उभा जन्म शहराची बस चालवलेला माणूस. दुचाकीला ते वाहन मानतच नसत. उभं राहायला ज्याला टेकू लागतो ते कसलं वाहन, असं त्यांचं मत होतं आणि ते मत ऐकायला कोणी नसलं तरी ते मांडत.

पण दुचाकी घ्यायचीच होती. सूनबाई चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात कामाला होती. कारखाना नदीपलीकडे आणि पुलावरून तिकडे जाणारी बस बंद झालेली. तीच बस, जी काकांनी निवृत्त होईपर्यंत चालवली होती. मुलगा जहाजावर, वर्षातून दोनदा घरी येणारा. त्याने फोनवर सांगून टाकलं, बाबांना गाड्यांतलं कळतं, ते सांगतील ती घे. त्यामुळे काका आज मोठ्या तयारीने आले होते. त्यांच्या मनात एक उंच मोटरसायकल होती. मोठी चाकं, चांगले गिअर, खड्ड्याला भीक न घालणारी. विक्रेत्यालाही ती पटली होती, कारण ती महाग होती.

सूनबाईने दोघांचं मन लावून ऐकून घेतलं आणि मग आपलेच प्रश्न विचारले. मागच्या माणसाला पाय उंच उचलून टाकावा लागतो का? त्याच्या हातात जोर नसेल तर तो कशाला धरेल? बटण चाललं नाही तर किक आहे का? गाडी पेट्रोल किती खाते हे तिने विचारलंच नाही. शेवटी विक्रेत्याने न राहवून विचारलं, "ताई, तुम्ही चालवणार की मागे बसणार?"

"चालवणार मीच. पण पुढच्याचं काय, त्याला हँडल असतं धरायला."

तिने निवडलेली स्कूटर बुटकी, जड आणि रुंद बुडाची होती. रंग शेवाळी, म्हणून कुणी न घेतलेली. काकांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "बसायचा सोफा आहे की गाडी?" त्यावर ती हसली आणि सोफाच घेऊन घरी आली. काकांना ते लागलं. आपला सल्ला मागायला न्यावं आणि मग तो दुकानातच ठेवून यावं, हे कुणालाही लागेलच.

पुढच्या आठवड्यात सोफ्याला पाठ आली. सूनबाईने गॅरेजमध्ये जाऊन मागच्या सीटला उंच लोखंडी टेका बसवून घेतला. दप्तरं शिवणाऱ्याकडून एक रुंद पट्टा शिवून आणला, दोघांभोवती फिरून पुढच्याच्या पोटावर बक्कल येईल असा. सीटखालच्या खणात पाण्याची बाटली, बॅटरी आणि काकांच्या गोळ्यांची दुसरी पुडी. गाडी रोज दारात लावताना ती पुढे-मागे करून तोंड रस्त्याकडे वळवून लावायची, मग कितीही दमलेली असो. काका हे खिडकीतून बघत. गाडी नेहमी निघायच्या तोंडाने लावावी, हे डेपोत नव्या पोरांना ओरडून ओरडून शिकवताना त्यांचा घसा बसला होता. हिला कुणी शिकवलं नव्हतं. मनात म्हणाले, बाई हुशार आहे. तोंडाने काहीच म्हणाले नाहीत.

हे सगळं कुणासाठी चाललंय हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. मागे एकदा त्यांच्या छातीने कुरकुर केली होती. डॉक्टरांनी त्यांना गोळ्या दिल्या होत्या आणि सूनबाईला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं होतं. काय सांगितलं ते काकांनी विचारलं नाही. झाकली मूठ बरी.

मग सुरू झालं ते पोत्याचं प्रकरण. संध्याकाळी कामावरून आली की सूनबाई गल्लीमागच्या मोकळ्या मैदानावर जायची आणि मागच्या सीटवर वाळूचं पोतं बसवायची. पोत्याला पट्टा बांधायचा, तो स्वतःच्या पोटावर आवळायचा आणि फेऱ्या मारायच्या. वळणं, खड्डे, अचानक ब्रेक. गल्लीतल्या बायकांना आयतीच करमणूक मिळाली. त्यांनी पोत्याचं बारसं करून टाकलं, नाव ठेवलं धाकटे काका. "धाकटे काका आज गप्प गप्प आहेत," "धाकट्या काकांना हवा मानवली बरं का," असं रोज चालायचं. आणि एक दिवस किराणावाला सहज बोलून गेला की, तुमच्या सुनेने माझ्या काट्यावर पोत्याचं वजन करून घेतलं, बरोबर तुमच्याइतकं भरेपर्यंत वाळू घालत होती.

त्या रात्री काका अर्ध्या ताटावरून उठले. आपण या घरातलं ओझं झालो आहोत आणि आता ते ओझं वाहायचा सराव चाललाय, एवढंच त्यांच्या डोक्यात घोळत राहिलं.

सूनबाई मात्र फेऱ्या मारतच राहिली. ती हट्टी नव्हती. तिने एकदा एक गोष्ट पाहिली होती, एवढंच.

सासूबाई गेल्या त्या दिवशीची ती गोष्ट. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवलेले, चारचाकी आत येत नाही. सासूबाईंना खुर्चीत बसवून चौघांनी उचलून बाहेर नेलं होतं, खुर्चीचा एक पाय सुनेच्या हातात होता. रुग्णवाहिका मिळाली, पण पुलावर अडकली. पूल गच्च भरलेला, इंचभर कुणी हलेना. भोंगा वाजत होता आणि समोर एक बस उभी होती. ती बस काका चालवत होते. मागे कोण आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी आरशात बघितलं, भोंगा ऐकला, हळहळले. सरकायला जागाच नव्हती. सुनेने मात्र समोरच्या काचेतून बसचा नंबर वाचला होता. घरी आल्यावर काकांनी वेळेचा हिशेब जुळवला आणि त्यांना सगळं समजलं. या गोष्टीबद्दल दोघं एकमेकांशी कधी बोलले नाहीत. त्यालाही बरीच वर्षं झाली होती.

एका संध्याकाळी मैदानावर वळण घेताना पोतं एका अंगाला घसरलं आणि सूनबाईला ओढत घेऊन गेलं. गाडी आडवी झाली, पोतं फाटलं. तिला फारसं लागलं नाही, कोपर खरचटलं. पण ती उठली नाही. सांडलेल्या वाळूत तशीच बसून राहिली आणि रडायला लागली.

मैदानाच्या कडेला कट्ट्यावर बसून बघत असलेले काका उतरून तिच्याकडे गेले. गाडी उचलायचा प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून तिच्याशेजारीच उभे राहिले.

"पोरी, लागलं का?"

"नाही," ती म्हणाली. मग नाक पुसून म्हणाली, "बाबा, त्या दिवशी पुलावर दुचाक्या निघून जात होत्या. कडेकडेने, एकामागून एक. मी आईंचा हात धरून बसले होते आणि बघत होते. मला नुसती एक स्कूटर हवी होती हो. आणि त्यांना मागे बांधायला काहीतरी."

काका पायाने उगाच वाळू गोळा करत राहिले. त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा हे दुःख मोठं होतं आणि ते त्यांच्या एकट्याचं नव्हतं. इतकी वर्षं ही मुलगी त्यांना जेवायला वाढत होती, त्यांचे कपडे वाळत घालत होती, आणि पोटात हे घेऊन फिरत होती. त्यांना तिची माया आली आणि स्वतःची लाजही वाटली.

"पोत्याचा काही उपयोग नाही," ते अखेर म्हणाले. "पोतं वळणावर कलत नाही. माणूस कलतो. मला बसव."

"मैदानात? सगळ्यांसमोर?"

"मग काय, घरात चालवणार आहेस?"

तिने त्यांना बसवलं. पाय उचलावा लागला नाही, ते खुर्चीत बसावं तसे बसले आणि तेव्हा कुठे त्यांना त्या बुटक्या गाडीतलं शहाणपण कळलं. दुकानात सोफा म्हणालो तेव्हा जीभ का झडली नाही, असं त्यांना वाटलं. पट्टा आवळला गेला. पहिल्या वळणाला ते सवयीने उलट्या बाजूला ताठले आणि गाडी डगमगली. "बाबा, माझ्याबरोबर कला," ती म्हणाली. जन्मभर ज्याने दुसऱ्यांना कलवलं, त्याला आता दुसऱ्याबरोबर कलायचं होतं. ते फार अवघड गेलं. पण चारआठ दिवसांत जमलं. बायकांनी धाकट्या काकांबद्दल दुखवटा जाहीर केला आणि काका त्यावर सगळ्यांत मोठ्याने हसले.

दिवस गेले. रोज सकाळी गाडी पुलावरून कारखान्यात जायची, संध्याकाळी परत यायची आणि तोंड रस्त्याकडे करून उभी राहायची. पेट्रोल निम्म्याच्या खाली कधी गेलं नाही. शेजारणी म्हणत, काय मेलं रोज रोज. सूनबाई म्हणायची, तहान लागल्यावर विहीर खणायला मला येत नाही.

आणि एका सकाळी, ती डबा भरत असताना, काका दाढी करता करता खाली बसले. अर्ध्या गालाला साबण तसाच. छातीवर हात. बोलवत नव्हतं. तिने काही विचारलं नाही. डॉक्टरांनी सांगितलेली गोळी त्यांच्या जिभेखाली ठेवली, टॉवेलने गाल पुसला, शेजारणीला हाक मारली. दोघींनी धरून त्यांना दारापर्यंत आणलं. हेल्मेट, पट्टा, बक्कल. खांबांमधून गाडी अलगद बाहेर पडली.

पूल नेहमीसारखाच तुंबलेला. काकांना घाम फुटला होता, छातीवर कुणीतरी दगड ठेवल्यासारखं वाटत होतं, तरी डोळे उघडे होते. उभ्या आयुष्यात हा पूल त्यांनी उंचावरून पाहिला होता. वरून फक्त टपं दिसायची. इथून फटी दिसत होत्या. ती एकेक फट हेरत होती, घाई करत नव्हती, घाबरून ब्रेक मारत नव्हती. एका ट्रकच्या कडेने ती इतकी नेमकी निघाली की ड्रायव्हर असलेल्या म्हाताऱ्याला त्या दुखण्यातही वाटलं, काय हात आहे हिचा! ती डावीकडे कलली की ते कलत होते. पुढे पुढे त्यांनी रस्ता बघायचं सोडलं. तिच्या पाठीवर डोकं टेकलं आणि पहिल्यांदाच गाडी दुसऱ्याच्या हवाली केली. पूल मागे पडला तेव्हा त्यांना ते चाकांच्या आवाजावरून कळलं.

दवाखान्याच्या दारात गाडी थांबली. स्टँड लागला. दोन कर्मचारी स्ट्रेचर घेऊन धावत आले. आता फक्त बक्कल काढायचं होतं. आणि पूलभर जे हात तसूभरही हलले नव्हते, ते सूनबाईचे हात लटलट कापायला लागले. बोटं बक्कलाला लागत होती आणि निसटत होती. तिच्या घशातून हुंदक्यासारखा आवाज येत होता, श्वास मात्र येत नव्हता. कर्मचाऱ्यांपैकी एकाने हात पुढे केला, "सरका बाई, वेळ नाही."

काकांनी मागून आपला हात आणून तिच्या पोटावरच्या बक्कलावर ठेवला. त्यांचा स्वतःचा दम तुटत होता, शब्द एकेक करून आले.

"थांबा जरा," ते म्हणाले. "तिला... आधी दम खाऊ द्या."

स्ट्रेचर धरलेले ते दोघे, का कोण जाणे, खरंच थांबले. सूनबाईने हँडलवर डोकं टेकवलं आणि एक लांब श्वास घेतला.