कढीपत्त्याखालचा नगारा

मित्रांनो, मी एक जुना नगारा आहे. सध्या माझ्यात कढीपत्ता लावलेला आहे. तो चांगला वाढतो आहे, ही आनंदाची बातमी आधीच सांगून टाकतो. पुढे फारशी सापडायची नाही.

माझं तांब्याचं पोट हिंगोलीच्या बाजारात घडलं आणि तोंडावर कातडं चढलं ते पुसेगावजवळच्या आमच्या बंजारा तांड्यात. मला वाजवण्याचा मान हिरासिंगचा. होळी आली की तो मला जाळाजवळ नेई आणि माझं तोंड हळूहळू शेकून काढी. न शेकलेला नगारा बोलत नाही, नुसता कण्हतो. मग लेंगीची गाणी सुरू होत. ज्या घरात वर्षभरात मुलगा जन्मला असेल, त्या घरापुढे त्याची धुंड होई. लेकराच्या डोक्यावर चादर धरायची, चादरीवर काठ्यांचा ठेका धरून पुरुषांनी गायचं आणि मी वाजायचं. तांड्यातल्या पोरांनी या जगातला पहिला मोठा आवाज ऐकला, तो माझा. हिरासिंगच्या दिपकनेही. तो घाबरून चादरीखालीच ओला झाला होता. ही गोष्ट त्याच्या याडीने, म्हणजे आई नीलाबाईने, त्याच्या लग्नाच्या मांडवातही सांगितली.

दिपक शिकला, इंजिनियर झाला, बायको शिलाला घेऊन मेलबर्नला गेला. तिथे त्याला मुलगा झाला. पुढच्या खेपेला तो तांड्यावर आला तेव्हा त्याची नजर माझ्यावर होती.

"बा, नगारा दे. पोराची धुंड तिकडं करतो."

"आन् हितं काय वाजवू? तुह्या याडीचं ताट?"

"पुढल्या होळीला आणून देतो ना."

दिपकची बहीण दिपा तेव्हा गरोदर होती. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "दादा, पोरगं झालं तर त्याच्या धुंडीला नगारा पायजे, सांगून ठेवते. न्हाईतर तुह्या पोराला मी भाचा म्हणणार न्हाई."

हिरासिंगने मला दिलं. मला वाजवायच्या काठ्या मात्र काढून घेतल्या. "ह्या हितंच राहू दे. काठ्या घरी असल्या म्हंजे नगाऱ्याला परत यावंच लागंल." गाय परत यावी म्हणून वासरू बांधून ठेवतात, तसा हा हिशेब होता. गायींच्या बाबतीत तो बराबर ठरतो.

विमानतळावर आम्हाला अडवलं. त्या देशात बाहेरचं कच्चं कातडं आत येऊ देत नाहीत. पूर्वी माणसांच्या कातड्याबद्दलही त्यांचा असाच काहीसा नियम होता म्हणे. तो आता सैल झाला आहे. अधिकारी फार सभ्य होता. त्याने दोन मार्ग सांगितले: नगारा आल्या वाटेने परत पाठवा किंवा कातडं इथे काढून ठेवा. दिपकने घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "काढा." माझं तोंड एका पिशवीत गेलं आणि मी देशात गेलो. परक्या मुलखात शिरण्याची हीच रीत असावी: पोट आत, कातडं बाहेर.

तिथे मला प्लास्टिकचं तोंड बसवलं. धुंड एका मोठ्या बागेत झाली. आवाजाने इजा होऊ नये म्हणून लेकराच्या कानांवर जाड टोप्या चढवल्या होत्या, त्यामुळे त्याला काहीच ऐकू आलं नाही. पण बाकीच्यांना आलं. गोऱ्या बायकांनी लेंगीवर फेर धरला. खोटं कशाला बोलू, तांड्यावरची पोरं डीजेपुढे नाचतात त्यापेक्षा चांगला धरला. शहराच्या प्रमुखबाईंनी दिपकच्या गळ्यात हार घातला. एका शाळेने लेंगीचा वर्ग सुरू केला. माझा फोटो तिथल्या पेपरात छापून आला. आयुष्यात एवढं कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं आणि ते आलं तेव्हा माझं तोंड माझं नव्हतं.

कातड्याचं दिपकने घरी सांगितलं नाही. सांगायला वेळ मिळाला नाही, असं तो स्वतःला सांगे.

दिपाला मुलगा झाला. हिरासिंगने लगेच व्हिडिओ कॉल लावला. "दिप्या, भाचा आला रे! आता नगारा घेऊन ये. आन् मला जरा त्याचा आवाज ऐकव."

दिपकने मला कॅमेऱ्यापुढे धरलं आणि हात उचलला.

"थांब, थांब! आधी शेक की. असाच कसा वाजवून राहिला? इसरला काय?"

मित्रांनो, प्लास्टिक शेकत नाहीत हे इंजिनियरला ठाऊक असतं. पण बापापुढे तो इंजिनियर नव्हता. त्याने मला शेगडीवर धरलं. हिरासिंग तिकडून सांगत होता, "हां... फिरव... कडंकडंनं..." आणि दिपक फिरवत होता. माझं तोंड आक्रसलं, त्याला भोक पडलं, काळा धूर झाला. छतावरची धुराची घंटा कर्कश ओरडू लागली.

"ह्यो आवाज कशाचा?"

"नेटवर्क, बा!" दिपकने फोन बंद केला. शिलाने खिडक्या उघडल्या. त्या देशात मी केलेला सर्वांत मोठा आवाज तोच.

त्या होळीला दिपक गावी गेला नाही. सुट्टी मिळाली नाही, असं त्याने कळवलं. खरं म्हणजे सुट्टी होती, नगारा नव्हता. उलट तिथल्या आपल्या माणसांच्या मंडळाने बागेत भला मोठा पडदा लावला आणि तांड्यावरची धुंड थेट दाखवायचं ठरवलं. मलाही शोभेसाठी एका कोपऱ्यात ठेवलं, भोकावर झेंडूची फुलं पसरून.

पडद्यावर दिपाचं अंगण दिसलं. चादर धरली होती. तिच्याखाली लेकरू रडत होतं. आणि हिरासिंग गोडेतेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर वाजवत होता. काठ्या माझ्याच होत्या. डबा पोचे पडत पडत वाकडा होत होता. म्हातारा मान खाली घालून वाजवत होता, एकदाही वर पाहत नव्हता. दिपा मात्र सरळ कॅमेऱ्यात पाहून म्हणाली, "बघ दादा. आयक."

दिपकने ऐकलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी पाहिलं आहे. ते खाली पडण्याआधीच प्रमुखबाई त्याच्याजवळ आल्या आणि तो डबा किती विलक्षण आहे, तुमचं मूळ वाद्य तेच का, असं विचारू लागल्या. दिपकने डोळे पुसले. मग म्हणाला, "हो. तेच."

झालं. आता त्या शाळेत मुलांना पत्र्याचे डबे देतात. डब्यांवर आरसे चिकटवतात. डब्याला सरळ पोचा कसा पाडावा, याचं शिक्षण दिपक स्वतः देतो. आमच्या संस्कृतीचा तिकडे फार प्रभाव पडला आहे.

माझ्या बुडाला पाणी जायला भोक पाडलं, खिडकीच्या पडद्यांना शोभेल असा पांढरा रंग दिला आणि शिलाने माझ्यात कढीपत्ता लावला. तिच्यावर माझा राग नाही. परदेशात कढीपत्त्याची मोठी तकलीफ असते.

परवा पुन्हा कॉल आला. हिरासिंगची दाढी पार पांढरी झाली आहे. दिपक खिडकीपाशी बसला होता, मी त्याच्या खांद्यामागे.

"नगारा बरा हाय ना रे?"

"हाय, बा. जपून ठेवलाय."

"काठ्यांना मी दर सणाला तेल लावून राहिलो. येशील तवा घेऊन ये, घाई न्हाई." मग तो फोनच्या जवळ सरकला, डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं आणि हसला. "कढीपत्ता लई झ्याक झालाय. कुंडी कुठून घेतली?"

"इथंच भेटली, बा."

मित्रांनो, घरून उसनं काही न्याल तर वेळेवर परत करा. करायचं नसेल तर तसं सांगून टाका. काठ्यांना लावायचं तेल तरी वाचेल.