पवळ्याचा डावा पाय

गौरवीच्या पर्वरीच्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओला बैलाची चाल हवी होती, आणि तिच्या बाबलीमामाला आपल्या बैलाचं, पवळ्याचं कौतुक. दोघांचं हळर्णच्या मळ्यात जुळलं. पवळ्याच्या अंगावर चमकते गोळे चिकटवून भोवती आठ कॅमेरे लावले. बैलापेक्षा मामाच कॅमेऱ्यासमोरून जास्त वेळा गेला.

पडद्यावर त्या गोळ्यांचे नुसते ठिपके चालू लागले तेव्हा गौरवीला दिसलं, पुढचा डावा पाय टेकल्या टेकल्या उचलला जातोय. डोळ्यांना सहज न दिसणारं लंगडणं. स्टुडिओला निरोगी बैल हवा होता. तिने उजव्या पायाची चाल उलटवून डाव्याला लावली, ठिपक्यांवर कातडं चढवलं आणि व्हिडिओ मामाला पाठवला. लंगडण्याचं कळवलं नाही. मामा रुसला असता.

मामाने तो व्हिडिओ पेडण्यात फोन असलेल्या प्रत्येकाला दाखवला, काहींना दोनदा. पंधरवड्याने सत्यवतीमामीचा फोन आला. बंदी असूनही रविवारी माळावर धिरयो होती, पांडुरंगाच्या बैलाशी पवळ्याची झुंज. पाय जड वाटतो म्हणून दोन वर्षं मामाने त्याला उतरवलं नव्हतं. आता म्हणे कॉम्प्युटरनेच पाय ठणठणीत दाखवला.

शनिवारी गौरवी लॅपटॉप घेऊन गोठ्यात पोचली.

“मामा, व्हिडिओतलो डावो पाय पवळ्याचो न्हय. मी बसयलो.”

तिने मूळ ठिपके चालवले. मामाने ते तीनदा बघितले.

“हो पाय आमचो,” लंगडत्या ठिपक्यावर बोट ठेवत तो म्हणाला.

तरी माघार घ्यायला तो तयार होईना. व्हिडिओ तालुकाभर फिरवला, आता कुठल्या तोंडाने नाही म्हणायचं? चूक आपली आहे, आपणच सांगू, म्हणून गौरवीने मामासमोरच पांडुरंगाला स्पीकरवर फोन लावला. व्हिडिओतला एक पाय खोटा आहे, बैल लंगडतो, झुंज रद्द करा, असं तिने सरळ सांगितलं. पांडुरंगाने शांतपणे ऐकून घेतलं. खरं सांगितलंस, बरं केलंस, म्हणाला. रद्द करण्याबद्दल काही बोलला नाही.

“पूण खंयचो पाय गो, बाय?” त्याने अगदी मायेने विचारलं.

कुठला पाय ते कळलं की त्याचा बैल नेमका तिथेच धडकवणार, हे गौरवीच्या आता लक्षात आलं. मामाने तिच्या हातातून फोन घेतला.

“बैल येवचो ना. बाबली हरलो म्हण सगळ्यांक सांग.”

फोन परत देताना त्याने तिच्याकडे बघितलं नाही. मामीने चहा ठेवला होता. मामाने गौरवीला बस म्हटलं नाही.